विशिष्ट सापेक्षता: पहिल्याच तासाला प्रकाशघड्याळ नको

खडूफळा (धागाकर्ता)

विशिष्ट सापेक्षतेचा पहिला तास बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. आइन्स्टाइनची १९०५ ची दोन गृहीतकं, दोन आरशांमधलं उभं प्रकाशघड्याळ (वरखाली जाणारा प्रकाश हीच त्याची टिकटिक), पायथागोरस, पाच ओळींत गॅमा (चालतं घड्याळ किती पट मंद, तो गुणक). दुसऱ्या तासाला हमखास प्रश्न येतो: दोघांनाही समोरच्याचं घड्याळ मंद वाटतं, मग खरं मंद कुठलं? उत्तरासाठी लागणारी समकालिकतेची सापेक्षता (एकाला एकाच वेळी घडलेल्या वाटणाऱ्या दोन घटना दुसऱ्याला तशा वाटत नाहीत) त्या पाच ओळींत कुठेच आलेली नसते. ती नंतर चिकटवली जाते आणि चिकटवलेलीच राहते.

माझं मत: सुरुवात गणितज्ञ हर्मन बाँडी यांच्या के-पद्धतीने करावी. 'अ' आणि 'ब' एकमेकांजवळून जाताना दोघांची घड्याळं शून्यावर. 'अ' आपल्या घड्याळात १ सेकंद झाल्यावर प्रकाशाचा स्पंद सोडतो. 'ब'ला तो स्वतःच्या घड्याळात 'के' सेकंदांना मिळतो आणि तो लगेच परत पाठवतो. दोघांचा दर्जा सारखा, म्हणून परतीलाही तोच गुणक. 'अ'ला स्पंद के² सेकंदांना मिळतो. दूरच्या घटनेची वेळ म्हणजे पाठवणं आणि मिळणं यांची सरासरी: (के² + १)/२. अंतर (के² − १)/२ प्रकाशसेकंद. भागाकार केला की वेग.

वेग प्रकाशाच्या ०.६ पट घ्या, के बरोबर २ येतो. 'अ'च्या मते परावर्तन २.५ सेकंदांना झालं, 'ब'च्या घड्याळात २. गॅमा १.२५. वेगांची बेरीज म्हणजे केंचा गुणाकार: ०.६ वर ०.६ चढवले की के = ४, वेग प्रकाशाच्या १५/१७. जुळ्यांचं कोडंही बोटांवर सुटतं. एक जुळा घरी, दुसरा प्रवासी. तो याच ०.६ वेगाने स्वतःची ४ वर्षं जातो, ४ वर्षं येतो आणि दरवर्षी एक स्पंद पाठवतो. जातानाचे चार स्पंद दोन-दोन वर्षांनी, म्हणजे ८ वर्षांत मिळतात. येतानाचे चार सहा-सहा महिन्यांनी, २ वर्षांत. घरी १०, प्रवाशाची ८.

उलटतपासणी

गणित सुबक आहे, पण पाया तोच: प्रकाश. मुलांची समजूत होते की हा सगळा प्रकाशाचा खेळ आहे. उद्या फोटॉनला नगण्य का होईना वस्तुमान सापडलं, तर सापेक्षता कोसळेल का? नाही. मग उभारणी प्रकाशावर कशाला?

१९१० मध्ये इग्नातोव्स्की या भौतिकशास्त्रज्ञाने प्रकाशाशिवाय हे करून दाखवलं आहे. अवकाश-काल सगळीकडे सारखा, सगळ्या दिशा सारख्या, सगळ्या जडत्वीय चौकटी (एकमेकींच्या सापेक्ष स्थिर वेगाने चालणाऱ्या निरीक्षकांच्या) समान, एवढंच धरा. मग एका चौकटीतून दुसरीत नेणारं रूपांतर याच साच्यात बसतं: नवं स्थान = गॅमा × (स्थान − वेग × काल), नवा काल = गॅमा × (काल − स × वेग × स्थान). 'स' सुरुवातीला वेगावर अवलंबून असू शकतो. आता अशी दोन रूपांतरं एकामागून एक करा. उत्तरही त्याच साच्यात बसायचं तर मॅट्रिक्सचे कर्णावरचे दोन्ही घटक समान हवेत, आणि ते तेव्हाच होतात जेव्हा 'स' प्रत्येक वेगाला एकच असतो. स = ० म्हणजे गॅलिलिओ. स धन असेल तर १/√स हा सर्वांना सारखा दिसणारा वेग. तो किती, हे प्रयोग सांगेल.

खडूफळा

आणि स ऋण असेल तर? तिथेच वर्ग अडतो. स = −१ घेऊन २ आणि २ वेगांची बेरीज करा: ४/(१ − ४), म्हणजे उणे चार तृतीयांश. दोनदा पुढे ढकललं आणि वस्तू मागे निघाली! ही शक्यता कार्यकारणभावाचं नाव घेऊन बाद करावी लागते, म्हणजे आणखी एक गृहीतक आलंच. शिवाय रूपांतर रेषीय (स्थान आणि कालाचे वर्ग वगैरे नसलेलं) का, हे तुम्ही एका वाक्यात उडवलंत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तेच कळत नाही.

अर्धविराम

तुम्ही दोघंही तत्त्वांवरून खाली येता. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९७६ मध्ये उलटा रस्ता सुचवला होता: मॅक्सवेलची विद्युतचुंबकत्वाची समीकरणं घ्या, गतिमान प्रभाराचं क्षेत्र गतीच्या दिशेने चपटं होतं हे काढा, मग त्या क्षेत्रातल्या इलेक्ट्रॉनची कक्षा आकसते आणि आवर्तनकाळ लांबतो हे पाहा. दोन यानं, मध्ये ताणलेला धागा, दोन्ही एकाच क्षणी एकसारखी वेग घेतात, धागा तुटतो. का तुटतो, हे या रस्त्याने लगेच दिसतं. नुसती सूत्रं पाठ केलेले चांगले चांगले लोक इथे 'तुटणार नाही' म्हणतात.

उलटतपासणी

धाग्याचं उदाहरण जरूर घ्यावं. पण म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड, अल्पायुषी भाऊबंद कण) विद्युतचुंबकीय बलाने मोडतच नाही, दुर्बल बलाने मोडतो. त्याचं आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. १९६३ च्या फ्रिश-स्मिथ प्रयोगात सुमारे १९०० मीटर उंचीवर तासाला ५६० च्या आसपास म्युऑन मोजले. कालविस्तार नसता तर समुद्रसपाटीला जेमतेम ३० उरले असते, उरले चारशेच्या वर. मॅक्सवेलवरून हे कसं काढणार? प्रत्येक बलाला तोच नियम लागू आहे हे गृहीत धरलंत, की तत्त्वाकडेच परत आलात.

तिरकी रेघ

प्रकाशघड्याळावर अन्याय होतोय. दोष घड्याळाचा नाही, क्रमाचा आहे. आधी चालत्या आगगाडीच्या डब्याच्या मध्यावर दिवा लावा आणि समकालिकता उरकून घ्या, मग उभं घड्याळ, शेवटी आडवं घड्याळ. त्यातून लांबीचं आकुंचन आपोआप निघतं. पहिल्या पायरीला एक खड्डा आहे. डबा ३०० मीटर, वेग ०.६. जमिनीवरून पाहता प्रकाश मागच्या आणि पुढच्या भिंतीला पोचण्यात ०.७५ मायक्रोसेकंदांचं अंतर. पण त्या दोन भिंतींवरच्या, डब्यात जुळवलेल्या घड्याळांत जमिनीवरून दिसणारा फरक ०.६. मुलं हे दोन आकडे सर्रास एक करतात. त्या ०.७५ मध्ये डब्यातली घड्याळं १.२५ पट मंद चालतात, म्हणून ०.६.

खडूफळा

हा क्रम पटतो. पण उभ्या घड्याळाची उंची दोन्ही चौकटींत सारखी, हे न सांगताच धरलं जातं. के-पद्धत एकाच मितीत राहते, म्हणून तिला ही अडचण येत नाही.

तिरकी रेघ

आणि म्हणूनच काटकोनातला डॉप्लर परिणाम (गतीच्या काटकोनात आलेल्या प्रकाशाच्या वारंवारतेतला बदल) तिच्यातून सरळ निघत नाही. उंचीचं म्हणाल तर दोन सारख्या उभ्या काठ्या घ्या, टोकाला रंगाचे कुंचले, आणि त्या एकमेकींजवळून जाऊ द्या. चालती काठी आखूड होत असेल तर तिचा कुंचला दुसरीवर टोकाच्या खाली रेघ मारेल. ती रेघ दोघांनाही दिसेल, आणि मग खरी चालती काठी कुठली तेही ठरेल. चौकटी समान धरल्या तर तसं ठरायला नको. दोन मिनिटांचं काम आहे.