मदत हवी आहे: बुद्धिबळात हत्तीच्या एंडगेममध्ये (डावाच्या शेवटच्या टप्प्यात) बरोबरी कशी राखायची?

मंडळी, मी अमळनेरचा, लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर रॅपिड (जलद डाव) रेटिंग १५०० च्या आसपास. हत्ती-हत्ती उरले आणि एक प्यादं कमी असलं की डाव हातचा जातो. फिलिडोर ही बचावाची पद्धत पाठ आहे: हत्ती आपल्या तिसऱ्या ओळीवर धरायचा, प्यादं तिथे आलं की हत्ती प्याद्याच्या मागे पार पलीकडच्या टोकाला नेऊन राजाला शह देत राहायचं. पण समोरचा राजा आधीच त्या ओळीवर घुसला, की माझं डोकं बंद!

कोडी रोज सोडवतो. त्यात काहीतरी दडलंय हे आधीच ठाऊक असतं, डावात कोण सांगणार? इंजिन (बुद्धिबळाचा संगणक प्रोग्राम) चाल दाखवतं, कारण नाही. शिकवणीला जळगाव गाठणं जमत नाही, रात्रीचा अर्धा तास मिळतो.

मधलं प्यादं असताना राजा आखूड बाजूला (प्याद्याच्या ज्या बाजूला कमी उभ्या रांगा), हत्ती लांब बाजूला, हे नेमकं कधी ठरवायचं? आणि सराव कसा करायचा?