जानेवारीत कुटुंबासह लिस्बनला: पहिल्या महिन्यात काय अडतं?

डिचोलीकर_८८
नोकरीसाठी जानेवारीत लिस्बनला जायचं आहे. बरोबर पत्नी आणि पाच वर्षांची मुलगी. जनेल, मेज, पाव, पगार हे आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द पोर्तुगीजशी जुळतात, म्हणून गोंयकाराला तिथे परकं वाटत नाही असं सगळे सांगतात. हे कितपत खरं? घर भाड्याचं घेणार आहोत. कुठे चुकायला होतं ते सविस्तर सांगा.

मांडवी_ते_तेजू
पहिला धक्का भाषेचा नसतो, घरातल्या थंडीचा असतो. युरोपातलं घर म्हणजे आत उबदार, ही समजूत इथे चालत नाही. बऱ्याच जुन्या इमारतींत सेंट्रल हीटिंग नसतं आणि खिडक्यांना एकेरी काच असते. बाहेर १२ अंश असले तर घरात १४-१५. त्यात पाऊस आपल्या उलट: उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. म्हणजे आषाढातली ओल आणि तीही थंडीत. कपडे घरात वाळत घातले की वाफ गार भिंतीवर बसते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. रोज सकाळी दहा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडा. हवेतली ओल ओढणारं यंत्र, डिह्युमिडिफायर, हीटरच्या आधी विकत घ्या. त्याची टाकी रात्रीत भरलेली दिसली की ओल किती आहे ते कळेल. घर बघताना छताच्या एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला तर मालकाला स्पष्ट विचारा.

दुसरी गोष्ट विजेची. प्रत्येक घराला ठरावीक क्षमता घेतलेली असते आणि ती बिलावर लिहिलेली असते. लहान घरांना बऱ्याचदा ३.४५ केव्हीए, म्हणजे जेमतेम १५ अँपिअर. २००० वॉटचा हीटर चालू असताना २००० वॉटची किटली लावली की मुख्य स्विच पडतो. बिघाड काही नसतो. एक वस्तू बंद करा आणि स्विच वर करा. वीज कंपनीला सांगून ६.९ करून घेता येतं, पण दर महिन्याचा स्थिर आकार वाढतो. दाब २३० व्होल्टच आहे, त्यामुळे आपला मिक्सर चालतो. तीन पिनांचा प्लग मात्र बसत नाही, अॅडॅप्टर लागतो.

आणि एक कळकळीने सांगतो. स्वयंपाकघरात पाणी तापवायचा गॅसचा बंब असेल तर तिथली हवेची जाळी थंडी वाजते म्हणून कधीही बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरात लहान मूल आहे.

फोंड्याची_सून
सामानाचं मी सांगते. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणून चोरीस (डुकराच्या मांसाचं सॉसेज), तूप, पेढे घरीच ठेवा. मासळीला मात्र माणशी २० किलोपर्यंत सूट आहे, त्यामुळे सुकी सुंगटां (कोळंबी) चालतात. वास सुटू नये म्हणून तीन पदरी बांधा. नारळ चालतो. कढीपत्त्याचा ताजा पाला आणि मे महिन्यात कुणाबरोबर मागवावासा वाटणारा मानकुराद आंबा मात्र वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. सोलं (आमसुलं) भरपूर आणा. डाळी, मसाले, पीठ मार्तीं मोनीझ भागातल्या दुकानांत मिळतं, त्याचं वजन वाहू नका.

सोमवारी शिवराक (शाकाहारी) असाल तर हॉटेलात 'सें कार्न' (मांस नको) एवढंच म्हणून भागत नाही, मासळी पानात येईल. 'सें कार्न, सें पैश' (मांस नको, मासळी नको) म्हणा. काल्दु व्हेर्द हे भाजीचं सूप दिसतं, पण त्यात चोरिसाची चकती असते. न मागता टेबलावर आणून ठेवलेले पाव आणि ऑलिव्ह फुकट नसतात. नको असतील तर हात न लावता परत पाठवा, पैसे लागत नाहीत.

कागदपत्रवाला
निघण्यापूर्वी लग्नाचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला, दोन्हींवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (दाखला परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का) करून घ्या. तिथून ते काम फार लांबतं. पोचल्यावर आधी निफ, म्हणजे कर क्रमांक. बँक, भाडेकरार, वीज सगळीकडे तोच मागतात. दुकानातही गल्ल्यावर 'कोंत्रिब्युइंत?' विचारतात, तो हाच नंबर. भाडेकरार घरमालकाने कर खात्यात नोंदवायचा असतो. 'नोंद न करता स्वस्तात देतो' म्हणणारा भेटला तर उठून या, कारण पत्त्याचा पुरावा मिळताना अडकाल. त्यानंतर आरोग्य केंद्रात तिघांचे उतेंत क्रमांक, म्हणजे सरकारी आरोग्य सेवेचे नोंदणी क्रमांक. कुठल्याही कार्यालयात शिरताच यंत्रातून टोकन घ्या, रांगेत नुसतं उभं राहून नंबर लागत नाही.

ओळखीच्या शब्दांवर विसंबू नका. तिथे 'पागार' म्हणजे पैसे देणं. आपल्या पगाराला सालारिउ म्हणतात. आभार मानताना तुम्ही ओब्रिगादु, पत्नी ओब्रिगादा.

डिचोलीकर_८८
देव बरें करूं. आईबाबांना फोन कधी करता येईल?

मांडवी_ते_तेजू
हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. जानेवारीत गोव्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा लिस्बनला दुपारचे साडेतीन असतात. कामाच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, एक वाजता केलात तर त्यांची संध्याकाळची दिवेलागण साधेल.