कोविडनंतर वास गेला होता त्यांनी लिहा

सायली_कट्टा
आज लोणी कढवायला ठेवून आत कपड्यांच्या घड्या करत होते आणि वास आला. बेरी लाल व्हायला लागली की येतो ना, तोच. धावत जाऊन गॅस बंद केला आणि ओट्याशीच उभी राहून रडले. एप्रिल 2021 ला कोविड झाला, ताप दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी आल्याचा चहा घेतला तर जिभेला झणका लागला पण आल्याचा वासच नाही, नाक मोकळं असून. त्या वर्षात तीनदा तूप जाळलं मी. तुमचा कसा परत आला, लिहा ना.

मुसळधार
माझा मे 2020 ला गेला. तेव्हा लक्षणांच्या यादीत हे नव्हतंच, केंद्राने जूनमध्ये घातलं. सगळे म्हणाले सर्दी असेल आणि मी तशीच घरभर वावरले, आईला झाला. ती बरी झाली, पण ते अजून टोचतं.

भाकरतुकडा
आला पण वाकडा आला. चार महिन्यांनी कांदा परतत होते तर मेलेल्या उंदराचा वास, सगळी कपाटं हलवली, मग कळलं कढईतूनच येतोय. लसूण, अंडं, कॉफी, भाजलेलं काहीही, सगळ्याला तोच. सात महिने दहीभात आणि गार पोळी. सासूबाई रोज माझं वेगळं करायच्या, चातुर्मासासारखं बिनकांद्याचं, एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्यांचं हे मी कधी विसरणार नाही.

कडकलक्ष्मी
सेम गं!! कॉफी मला अजून नाही जमत.

नाकाडोळ्यांची
मी कान-नाक-घसा बघते म्हणून थोडं लिहिते, ओपीडी सुरू व्हायचीय. हा विषाणू वास घेणाऱ्या चेतापेशींपेक्षा त्यांना आधार देणाऱ्या पेशींना जास्त धरतो. चेतापेशी नव्या येत राहतात, त्यांच्या जोडण्या नीट जुळेपर्यंत वास असे वेडेवाकडे येतात असं मानतात, म्हणजे वाकडा वास बऱ्याचदा नाक परत जागं होत असल्याची खूण असते. आल्याचा झणका वेगळ्या नसेतून कळतो सायली, म्हणून तो राहिला. वासाचा व्यायाम करा: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक 15-20 सेकंद हुंगायचं, निदान 12 आठवडे. जर्मनीत ड्रेस्डेनच्या हुमेल यांनी 2009 मध्ये हे मांडलं, कोविडच्या कितीतरी आधी. नुसतं हुंगू नका, तो वास मनात आठवत हुंगा.

पाटाचं पाणी
केलंय हे. पहिले दोन महिने काही म्हणजे काही नाही. लवंग हुंगताना दाढ दुखली की आजी दाताखाली लवंग धरायला लावायची ते आठवत बसायचो. एका सकाळी लवंगच आली, अगदी पुसट, लांबून. बायकोला झोपेतून उठवून सांगितलं.

एकटा_ठाणे
एकटे राहणाऱ्यांनी गॅस डिटेक्टर लावाच. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून घाण वास मुद्दाम मिसळलेला असतो, आणि मला नेमका तोच येत नव्हता. रेग्युलेटरमधून गळत होता, शेजारच्या काकू दार वाजवत आल्या म्हणून वाचलो.

वेखंड
मुलगी जून 2021 ची. आई रोज तिला न्हाऊ घालून ओवा-शेपाची धुरी द्यायची आणि म्हणायची बघ कसा वास येतोय बाळाला, मी हो म्हणायचे. सहा महिने खोटं हो म्हटलं, आईला वाईट वाटेल म्हणून. आता ती शाळेतून घामेजून येते तरी मी आधी तिचं डोकं हुंगते.

सायली_कट्टा
वेखंड 🫂 काय लिहू, भरून आलं.

कडकलक्ष्मी
सायली तूप कढवताना विड्याचं पान घालतेस का? आमच्याकडे त्याशिवाय वासच येत नाही म्हणतात.

सायली_कट्टा
घालते, आज नव्हतं घरात. चिमूटभर मीठ टाकलं, छान रवाळ झालंय.

भाकरतुकडा
किती दिवसांची साय? माझी आठवड्याने कडवट होते.

सायली_कट्टा
दहा दिवसांची, पण फ्रीजरला ठेवते आणि पहिल्याच दिवशी चमचाभर दही घालते.