लाईट आली, मशीन चालू झालं, नेट बंदच. नेटवर्क डिफॉल्ट ऑफ का ठेवतात?

भोसरीचा_लेथ:
गुरुवारी भोसरीत लाईट गेली ती दुपारनंतर आली. वर्कशॉपातलं सेंटओएस ७ चं (लिनक्सचा एक प्रकार) मशीन आपापलं बूट झालं पण नेटवर्कच नाही, मी कोथरूडला, एसएसएच (लांबून लॉगिन) लागेना, शेवटी स्कूटर काढली आणि तिथे जाऊन मॉनिटर-कीबोर्ड जोडला. बघतो तर आयएफसीएफजीच्या फाइलीत (नेटवर्कची सेटिंग असते ती) ऑनबूटपुढे, म्हणजे बूट होताना नेटवर्क चालू करायचं का त्यापुढे, 'नो'. त्याचं 'यस' केलं, संपला विषय. पण नेट नसलेला सर्व्हर म्हणजे नुसता डबा ना? असलं डिफॉल्ट ठेवतातच कशाला?

पेठेतला_पेंग्विन:
बरोबरच ठेवलंय. इन्स्टॉलरात नेटवर्कच्या पानावर बटण असतं, ते ऑन केलं की ऑनबूट 'यस' होतं. तुम्ही ते पान बघितलंच नसणार. मशीनला दोन पोर्ट असले तर कुठलं आतलं, कुठलं बाहेरचं हे इन्स्टॉलरला काय स्वप्न पडतं? फायरवॉल लावायच्या आधीच आयपी घेऊन बसलेलं मशीन मला तरी नको. आणि सेटअपनंतर एकदा तरी रीबूट करून पाहिलं होतंत का?

भोसरीचा_लेथ:
नाही. इफअप (नेटवर्क हाताने चालू करायची कमांड) मारलं, चाललं, विसरलो. चूक माझी, मान्य, पण डिफॉल्ट बावळटच.

वारजे_रूट:
दोघंही जुन्या घरात भांडताय. ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. रेड हॅट ९ मध्ये (सेंटओएस ७ ज्यावरून बनलं त्याचीच पुढची आवृत्ती) नवीन कनेक्शनची सेटिंग कीफाइल नावाच्या वेगळ्या फाइलीत जाते, १० मध्ये तर आयएफसीएफजी काढूनच टाकलं. आता एनएमसीएलआय (नेटवर्क सेट करायची कमांड) वापरा, तिथे ऑटोकनेक्ट, म्हणजे आपोआप जोडायचं का, ते काही लिहिलं नाही तर 'यस'च धरतात. म्हणजे लेथरावांचंच खरं.

पेठेतला_पेंग्विन:
कसलं खरं, तिथे कनेक्शन तुम्ही स्वतः बनवलेलं असतं, ठरवलं तुम्हीच.

डेबियनदास:
नुसतं ऑन ठेवून पण भागत नाही हां. आमच्याकडे डेबियन (दुसरं लिनक्स), त्याच्या नेटवर्कच्या इंटरफेसेस फाइलीत 'ऑटो' (बूटलाच चालू कर) लिहिलेलं, डीएचसीपी (आयपी नेटवर्ककडून आपोआप घ्यायचा), आणि कोणीतरी झाडताना वायर काढलेली. बूट होताना पाच मिनिटं नुसतं वाट बघत बसलं, मला वाटलं डिस्क गेली. 'ऑटो'च्या जागी 'अलाऊ-हॉटप्लग' (बूट न अडवता कार्ड सापडलं की चालू कर) लिहिलं तेव्हा सुटलो. पण एखादी सर्व्हिस बूटलाच आयपी मागत असेल तर 'ऑटो'च बरं.

भोसरीचा_लेथ:
रविवारी रॉकी ९ (सेंटओएसच्या जागी वापरतात ते लिनक्स) टाकतो. रीबूट मात्र तिथे बसूनच करणार, परत स्कूटर नको.