फुल थ्रॉटलला होडीचं ४० एचपी आउटबोर्ड (मागे बाहेर लावलेलं) इंजिन दम सोडतं, कुठून तपासायला सुरुवात करू?

दिवाळे_होडी
फायबरची १८ फुटी होडी आहे, दिवाळे जेट्टीवर असते. इंजिन ४० एचपी टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, कार्बोरेटरवालं. टाकी २४ लिटरची, बाहेरची. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतो, ५०:१ प्रमाणात.

पहिल्या किकला सुरू होतं, आयडलिंग छान. अर्ध्या थ्रॉटलला कितीही वेळ चालवा, तक्रार नाही. फुल दिला की होडी उचलते, मिनिटभर जोरात पळते आणि मग आवाज हळूहळू बसतो. बंद पडत नाही. थ्रॉटल कमी केला की थोड्या वेळात परत ठीक. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार व्यवस्थित येते, धोक्याचा बझर वाजत नाही. प्लग नवीन आहेत. कार्बोरेटर उघडायला सांगताहेत, पण त्याआधी काय बघावं?

खाडी_मेकॅनिक
कार्बोरेटरला इतक्यात हात लावू नका. तुमच्या वर्णनातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ते मिनिटभर. ४० एचपीचं टू-स्ट्रोक फुलवर तासाला साधारण १५ ते २० लिटर पेट्रोल पितं, म्हणजे मिनिटाला पाव लिटर किंवा त्याहून जास्त. कार्बोरेटरच्या वाटीत साठलेल्या पेट्रोलवर ते थोडा वेळ पळतं. मागून तेवढं आलं नाही की वाटीतली पातळी उतरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि आवाज बसतो. अर्ध्या थ्रॉटलला मागणी बरीच कमी, म्हणून तिथे काही कळत नाही. मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) तुंबला असता तर फुल दिल्याबरोबर लंगडलं असतं, मिनिटभर थांबलं नसतं.

आता एक चाचणी. दोघं जण जा, एकाने हँडल धरायचं, किल स्विचची (इंजिन लगेच बंद करणाऱ्या बटणाची) दोरी मनगटाला. दुसऱ्याने टाकीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपातला रबरी बल्ब, म्हणजे दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा फुगा, हातात धरून बसायचं. आवाज बसायला लागला की त्याच क्षणी बल्ब कसा लागतो ते बघा.

बल्ब फुगलेला, पण मऊ आहे आणि दाबत राहिल्यावर इंजिन परत उचलतं: इंजिनावरचा फ्युएल पंप कमी पडतोय. त्यातला डायफ्राम (पातळ पडदा) क्रँककेसच्या, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीच्या, दाबावर हलतो. तो कडक झाला किंवा बारीक फाटला की आधी फुललाच कळतं.

बल्ब चपटा झालाय, दाबायला काही उरलंच नाही: अडथळा बल्बच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे.

बल्ब टणक आहे आणि दाबून फरक नाही: बल्बपर्यंत पेट्रोल येतंय. तेव्हा इंजिनावरची जाळी, निडल व्हॉल्व्ह, जेट आणि इग्निशनकडे वळायचं.

एक कळकळीने सांगतो, आवाज बसलेला असताना फुल धरून ठेवू नका. टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि त्याच वेळी पिस्टन जास्त तापतो. चाचणी काही सेकंदांची, मग लगेच खाली घ्या. पिस्टन जाम झाला तर पाइपाच्या किमतीचं काम थेट बोअरिंगवर जातं.

सारसोळे_जेट्टी
वरच्या चाचणीआधी दोन फुकटच्या गोष्टी बघा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पूर्ण उघडा आहे का? तो बंद राहिला तर टाकीत पोकळी होते आणि अगदी हेच लक्षण दिसतं. तसंच चालू इंजिनात झाकण क्षणभर सैल करून बघा. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर स्क्रूचं भोक मिठाने बुजलंय.

दुसरं, इंजिन बंद ठेवून हँडल फुल फिरवा आणि कार्बोरेटरची फुलपाखरं (हवेची वाट उघडणाऱ्या चकत्या) खरंच पूर्ण आडवी होतात का ते डोळ्यांनी बघा. केबल ताणली गेली की हँडल फुल दिसतं, आत पाऊणच उघडतं. तुमचं मिनिटभर पळतंय म्हणून हे नसावं, पण बघायला वेळ लागत नाही.

कोलशेत_खाडी
आरपीएम (इंजिनाचे फेरे) पडतो की नुसता होडीचा वेग पडतो? हे दोन वेगळे आजार आहेत. आवाज चढतो आणि होडी मंदावते, तर पंख्याच्या (प्रोपेलरच्या) आतलं रबरी बुश घसरतंय. बुश आणि पंखा मिळून रंगाची एक सरळ रेघ मारा, फुलवर चालवून आणा. रेघ तुटली तर बुश गेलं. आपल्या खाडीत पंख्यात प्लास्टिकची पिशवी अडकणं तर रोजचंच. नायलॉनची दोरी शाफ्टला गुंडाळली गेली असेल तर पंखा काढून मागचं सीलही बघा. गिअर ऑइल दुधाळ दिसलं की पाणी आत गेलंय.

पेट्रोलही तपासा. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाण्याचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. टाकीची नळी तळातूनच घेते, आणि त्या थरात ऑइल जवळजवळ नसतं. तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. खाली वेगळी रेषा दिसली तर ते पेट्रोल इंजिनाला देऊ नका.

दिवाळे_होडी
भरतीला जाऊन बघितलं. आवाजच बसतो, म्हणजे आरपीएम पडतो. बल्ब पार चपटा होतो. थ्रॉटल कमी केला की हळूहळू परत फुगतो. हवेचा स्क्रू उघडाच होता, झाकण सैल करूनही फरक नाही. शेजारच्या होडीची टाकी लावून बघितली, तरी तेच. बाटलीत पेट्रोल एकसारखं आहे, थर नाही. फुलपाखरंही पूर्ण उघडतात.

खाडी_मेकॅनिक
मग पंप आणि कार्बोरेटर संशयातून सुटले. टाकी बदलूनही बल्ब चपटा होतोय म्हणजे टाकीतली जाळीसुद्धा संशयातून सुटली. उरला टाकीकडचा कनेक्टर आणि तिथून बल्बपर्यंतचा पाइप. कनेक्टरमधली गोळी पूर्ण आत दाबली जाते का ते बघा. पण माझा जास्त संशय पाइपावर आहे. जुन्या पाइपाचं आतलं अस्तर इथेनॉलने फुगून सुटतं. ओढ वाढली की ते आत कोसळतं, ओढ कमी झाली की परत चिकटतं. बाहेरून पाइप नव्यासारखा दिसतो आणि फुंकून बघितलं तर हवाही जाते. त्यामुळे फुंकण्यावर भरवसा ठेवू नका, पाइप उभा चिरून बघा.

नवीन पाइप जुन्याच आतल्या व्यासाचा घ्या, बारीक नको. त्यावर मरीन फ्युएल आणि इथेनॉलला चालणारा असल्याची खूण हवी. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक नळी कायमची लावू नका, ती पेट्रोलने कडक होऊन तडकते. बल्बही सोबतच बदला, त्याच्या आतले व्हॉल्व्ह त्याच पेट्रोलमध्ये भिजलेत. बल्बवरचा बाण इंजिनाकडे. क्लॅम्प स्टेनलेसचे.

दिवाळे_होडी
चिरला. बल्बच्या मागे वीतभर अंतरावर अस्तर सुटून लोंबत होतं. कनेक्टर ठीक आहे. उद्या पाइप आणि बल्ब दोन्ही बदलतो.

सारसोळे_जेट्टी
बदलल्यावर लगेच फुल देऊ नका. सुटलेल्या अस्तराचे कण पुढे गेलेले असतात. इंजिनावरच्या छोट्या फिल्टरची वाटी उघडा, काळे तुकडे दिसले तर दोन्ही कार्बोरेटरच्या वाट्यांचे ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल स्वच्छ भांड्यात काढा. त्यातही कण असतील तर मात्र जेट काढून कार्ब क्लीनर आणि हवेने साफ करायचे, तार घालायची नाही, भोकाचं माप बिघडतं.

सगळं जोडून बल्ब टणक होईपर्यंत दाबा आणि दहा मिनिटं थांबा. प्रत्येक जोडावर बोट फिरवा, ओल लागली तर इंजिन सुरू करायचं नाही.

खाडी_मेकॅनिक
आणि दोन्ही प्लग काढून बघा. इतके दिवस पातळ मिश्रणावर पळलंय. टोक बदामी असेल तर ठीक. एखादं पांढरं पडलं असेल किंवा त्यावर बारीक चकचकीत ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे, मग आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. दोन सिलिंडरांत १० टक्क्यांहून जास्त फरक आला तर फुल देण्याआधी हेड उघडून आत बघावं लागेल.