जमिनीत पुरलेली तेलाची टाकी गळली तर विमा कंपनीने हात वर करावेत का?

एडिसनवासी
न्यू जर्सीत २०१२ साली १९५८ चं घर घेतलं. घर गरम करणारी फर्नेस गॅसवर चालणारी, त्यामुळे तेलाचा विचारच मनात आला नाही. आता घर विकायला काढलं, घेणाऱ्याने टँक स्वीप, म्हणजे जमिनीत पुरलेली टाकी आहे का याची तपासणी, करून घेतला आणि हायड्रेंजियाच्या ताटव्याखाली ५५० गॅलनची लोखंडी टाकी निघाली. कधीतरी कुणीतरी गॅस आणला आणि तेलासकट टाकी तशीच सोडून दिली. तळाला गंजून भोकं पडलीत. खणून माती उचलण्याचाच पहिला अंदाज ३८ हजार डॉलर. विमा कंपनीने कळवलं, प्रदूषण पॉलिसीतून वगळलेलं आहे. त्या तेलाचा थेंबही मी जाळला नाही, तरी राज्याच्या १९७६ च्या स्पिल (गळतीच्या) कायद्यात चूक कुणाची हे न बघता मालकाला धरतात. प्रदूषणाचं हे कलम १९७० च्या दशकात उद्योगधंद्यांच्या पॉलिसीत आलं. घर गरम ठेवण्याच्या तेलाला तेच लावणं मला अन्याय वाटतो.

हार्टफर्डचा_हिशेब
तुमचा त्रास कळतो, पण मुद्दा पटत नाही. मी विम्याच्याच धंद्यात आहे. आग, वादळ, फुटलेला पाइप हे अवचित घडतं. ओल्या मातीत पुरलेलं लोखंड गंजणार हे ठरलेलंच आहे, म्हणून गंज आणि झीजही पॉलिसीत वेगळी वगळलेली असते. ती धरली तर हप्ता सगळ्यांचा वाढेल, ज्यांच्या अंगणात कधी टाकीच नव्हती त्यांचाही. आणि माफ करा, पण घर घेताना तुम्ही टँक स्वीप का नाही केला? १४ सप्टेंबर १९९३ नंतर घेतलेल्या मालमत्तेची आधी नीट चौकशी करावी, अशी त्याच स्पिल कायद्याची अपेक्षा आहे.

एडिसनवासी
नाही केला. कुणी सांगितलंच नाही. पहिलंच घर होतं, आम्ही शाळा आणि स्टेशन बघत होतो.

वूस्टरची_वहिनी
आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये यावर तोडगा निघालाय. २०१० मध्ये तेल वापरणाऱ्या घरमालकाला गळतीचं वाढीव संरक्षण देऊ करणं कंपन्यांवर बंधनकारक झालं. तेव्हा स्वतःच्या जागेसाठी किमान ५० हजार डॉलर, दुसऱ्यांच्या नुकसानीसाठी किमान २ लाख. बदल्यात तेलाच्या नळीला सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा संरक्षक आवरण बसवावं लागतं. पण तेव्हा ते आपण मागून घ्यावं लागायचं, आपोआप मिळत नसे. आमच्या शेजाऱ्यांनी थोड्या पैशांसाठी टाळलं आणि तळघरातली नळी फुटली. कंपनीने विचारायचं, मालकाने घ्यायचं, हेच मला रास्त वाटतं.

कागद_जपा
एडिसनवासी, पॉलिसीचे दोन भाग वेगळे वाचा. घराच्या नुकसानीचा भाग गेला असेल, पण दायित्वाचा, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीचा, भाग बघा. अनेक जुन्या घरगुती पॉलिसींच्या त्या भागात प्रदूषणाचं कलमच नसतं. तिथे अडचण दुसरीच, स्वतःची जमीन दायित्वात बसत नाही. म्हणून तेल भूजलात किंवा शेजाऱ्याकडे गेलंय का, हे तपासणीच्या विहिरी मारून बघून घ्या. त्यावर क्लेम उभा राहू शकतो.

दुसरं, टाकी आधीच्या मालकाच्या काळात गळत असेल, तर तेव्हाची पॉलिसीही कामाला येते. वर्षानुवर्षं चाललेल्या नुकसानीचा भार त्या त्या वर्षांच्या विमा कंपन्यांवर वाटायचा, हे न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्येच मान्य केलंय. आणि स्पिल कायद्याखाली आधीच्या जबाबदार लोकांकडून वाटा मागायला मुदतीचं बंधन नाही, असा २०१५ चा निकाल आहे. तो खटलाही तेलाच्या टाकीचाच होता.

हार्टफर्डचा_हिशेब
म्हणजे केव्हाच घर विकून गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला आता नोटीस? हे तरी न्याय्य आहे का?

कागद_जपा
नोटीस त्यांच्या नावाने जाते, पण खटला लढायचा आणि पैसे भरायचे ते त्यांच्या तेव्हाच्या विमा कंपनीने. हप्ते त्यांनी त्यासाठीच भरले होते.

एडिसनवासी
आजच आधीच्या मालकीणबाईंच्या मुलाला फोन केला. आधी घाबरला, मग म्हणाला, आईने सगळी जुनी पाकिटं ठेवलीत, शनिवारी बघतो. १९८७ च्या पॉलिसीचं नुसतं पहिलं पान मिळालं तरी चालेल का?

कागद_जपा
चालेल. त्यावर कंपनी, क्रमांक आणि तारखा असतात. त्याच्याकडून लगेच फोटो मागवून घ्या.