शब्दचर्चा : ‘प्रसामान्य वितरण’ आणि ‘प्रमाण प्राप्तांक’

प्रश्न : मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्राची तोंडओळख करून घेताना एका पुस्तकात ‘सामान्य वितरण’ आणि दुसऱ्यात ‘प्रसामान्य वितरण’ असे शब्द आढळले. दोन्हींचा अर्थ एकच आहे का? ‘झेड स्कोअर’साठी ‘प्रमाण प्राप्तांक’ असा शब्द दिला आहे. त्यातील ‘प्रमाण’ म्हणजे नेमके काय? प्राप्तांकांचे प्रमाणीकरण केले की वितरण प्रसामान्य होते, असे काही सहाध्यायी म्हणतात. तेही तपासून सांगावे, ही विनंती.

उत्तर : दोन्ही शब्द एकाच वितरणाला, म्हणजे सरासरीजवळ सर्वाधिक मूल्ये आणि दोन्ही बाजूंना सारखीच घटत जाणारी मूल्ये दाखवणाऱ्या घंटेच्या आकाराच्या वक्राला, उद्देशून वापरले जातात, तरीही ‘प्रसामान्य’ हाच शब्द वापरावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. मराठीत ‘सामान्य’ म्हणजे साधारण, नेहमीचा किंवा ज्यात काही बिघाड नाही असा. त्यामुळे ‘सामान्य वितरण’ वाचणाऱ्याच्या मनात, या आकारात न बसणारी माहिती असामान्य किंवा सदोष असली पाहिजे, असा समज नकळत रुजतो. ही अडचण केवळ मराठीची नाही. ज्या संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअरसन यांच्या लेखनातून या वक्राचे ‘नॉर्मल’ हे इंग्रजी नाव रूढ झाले, त्यांनीच पुढे १९२० मध्ये लिहिले की, या नावामुळे इतर सर्व वितरणे कोणत्या ना कोणत्या अर्थाने विकृत आहेत, असे लोकांना वाटू लागते. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ सुताराचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन, असा आहे. तेव्हा ‘असे असले पाहिजे’ ही छटा त्या नावात आरंभापासूनच होती. ‘प्र’ या उपसर्गामुळे मराठीत निदान एवढे तरी साधते की, हा रोजच्या बोलण्यातला शब्द नसून पारिभाषिक संज्ञा आहे, हे वाचकाच्या लगेच ध्यानात येते.

वास्तविक हा वक्र ‘नेहमीच्या माणसांचे’ वर्णन म्हणून जन्मला नाही. गणिती अब्राहम द मॉयव्र यांना तो १७३३ मध्ये नाणेफेकीसारख्या प्रयोगांतील संभाव्यतांचे आसन्न, म्हणजे जवळपासचे, मूल्य काढताना सापडला आणि गणिती गाउस यांनी १८०९ मध्ये तो खगोलीय निरीक्षणांतील त्रुटींसाठी वापरला. अनेक लहान, परस्परांवर अवलंबून नसलेल्या कारणांची बेरीज होते आणि त्यांपैकी कोणतेही एक कारण बाकीच्यांवर मात करत नाही, तेथे हा आकार जवळपास दिसून येतो. प्रौढ स्त्रियांची किंवा प्रौढ पुरुषांची उंची हे त्याचे परिचित उदाहरण आहे; कुटुंबांचे उत्पन्न मात्र तसे वागत नाही.

आता ‘प्रमाण’ या शब्दाकडे वळू. मराठीत त्याचे अर्थ अनेक आहेत : पुरावा, गुणोत्तर, मात्रा आणि सर्वांनी मान्य केलेले माप. ‘प्रमाणवेळ’ या शब्दात जो अर्थ आहे, तोच येथे घ्यावा. ‘प्रमाण विचलन’ म्हणजे मध्यापासून, अर्थात सरासरीपासून, असलेली अंतरे मोजण्याचे ठरवून घेतलेले माप (त्या अंतरांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ), आणि ‘प्रमाण प्राप्तांक’ म्हणजे त्या मापाने मोजलेले अंतर. प्राप्तांकातून मध्य वजा करावा आणि आलेल्या वजाबाकीला प्रमाण विचलनाने भागावे, एवढीच कृती आहे. समजा, मराठीत ७० गुण मिळाले, वर्गाचा मध्य ६० आणि प्रमाण विचलन १० आहे. गणितात ६५ गुण मिळाले, मध्य ५० आणि प्रमाण विचलन ७.५ आहे. मराठीतील प्रमाण प्राप्तांक १ आणि गणितातील २ येतो. गुण कमी असूनही वर्गाच्या तुलनेत गणितातील कामगिरी सरस ठरते.

येथपर्यंत प्रसामान्य वितरणाचा संबंधच आलेला नाही, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. पाच व्यक्तींचे मासिक उत्पन्न हजार रुपयांत १०, १०, १०, १० आणि ६० आहे असे समजा. मध्य २० येतो, प्रमाण विचलनही २० येते आणि प्रमाण प्राप्तांक चौघांचे उणे ०.५ व पाचव्याचा २ येतो. या नव्या संख्यांचा मध्य ० आणि प्रमाण विचलन १ आहे, पण चौघे एकाच ठिकाणी आणि एक जण दूर, हा आकार जसाच्या तसा राहिला. प्रमाणीकरणाने आरंभबिंदू आणि एकक बदलते, आकार बदलत नाही. येथे प्रसामान्य वक्राचे कोष्टक उघडले, तर उणे ०.५ च्या खाली सुमारे ३१ टक्के व्यक्ती असतील असे उत्तर मिळेल. प्रत्यक्षात त्याखाली कोणीही नाही.

मध्यापासून एका प्रमाण विचलनाच्या आत ६८.२७ टक्के, दोनच्या आत ९५.४५ टक्के आणि तीनच्या आत ९९.७३ टक्के, हे आकडे केवळ प्रसामान्य वितरणाचे आहेत. आकार ठाऊक नसताना चेबिशेव्ह यांच्या प्रमेयाच्या आधारे एवढेच म्हणता येते की, दोन प्रमाण विचलनांच्या आत किमान ७५ टक्के मूल्ये असतात. ‘किमान ७५’ आणि ‘९५.४५’ यांतील फरक आकाराविषयीच्या गृहीतकातून येतो. म्हणून ते गृहीतक वाक्यात स्पष्ट लिहावे.

पुरवणी प्रश्न : सीईटीच्या निकालातील ‘नॉर्मलायझेशन’ आणि ‘पर्सेंटाइल’ यांचा या वक्राशी संबंध आहे का? तसेच अंगणवाडीत मुलांच्या नोंदींसंदर्भात उणे दोन, उणे तीन असे आकडे ऐकू येतात, ते हेच का?

उत्तर : पहिल्याचा संबंध नाही. वेगवेगळ्या सत्रांत वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका सोडवलेल्या परीक्षार्थींना एका पातळीवर आणण्यासाठी, आपल्या सत्रातील किती टक्के परीक्षार्थींचे गुण आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी आहेत, हे मोजले जाते. ही प्रत्यक्ष मोजणी आहे. त्यात कोणताही वक्र गृहीत धरलेला नाही. ‘पर्सेंटाइल’साठी ‘शततमक’ हा शब्द योग्य आहे, पण ‘मला ९५ शततमक गुण पडले’ अशी रचना टाळावी, कारण त्यातून १०० पैकी ९५ गुणांचा भास होतो. नॉर्मलायझेशनला तेथे ‘समानीकरण’ म्हटले, तर प्रसामान्य वक्राशी होणारी गल्लत टळेल.

दुसरे मात्र खरोखरच प्रमाण प्राप्तांक आहेत. उंचीच्या मानाने वजनाचा प्रमाण प्राप्तांक उणे २ च्या खाली, पण उणे ३ पर्यंत असेल, तर बालक मध्यम तीव्र कुपोषित, म्हणजे ‘मॅम’, आणि उणे ३ च्याही खाली असेल, तर अतितीव्र कुपोषित, म्हणजे ‘सॅम’ गणले जाते. येथे तुलना त्या अंगणवाडीतील इतर मुलांशी नसते. ती जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांशी असते. ती मानके ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील, पोषक परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांच्या मापांवरून तयार झाली असून भारतातील मापे दिल्लीत घेतली गेली. हा भेद फार महत्त्वाचा आहे, कारण सारे गावच कुपोषित असेल आणि तुलना गावाच्या मध्याशीच केली, तर भुकेले मूलही शून्याच्या आसपास दिसेल. वजनाचे वितरण एका बाजूला कललेले असल्यामुळे मानके तयार करतानाच आकड्यांचे गणिती रूपांतर करून तो कल दूर केलेला आहे. म्हणून तेथील प्रमाण प्राप्तांक वर दिलेल्या साध्या वजाबाकी-भागाकाराने हाताने काढू नये. मानकांची तयार कोष्टके वापरावीत.